हॉकीपटूंची तुलना करताना ‘बाकीच्या’ खेळाला किती वजन द्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: जगातल्या सर्वोत्तम हॉकीपटूंमध्ये उजवं-डावं करायचं झालं, तर प्रत्येकाचं मुख्य हत्यार बघावं, म्हणजे कुणाची ड्रॅग फ्लिक (पेनल्टी कॉर्नरवर चेंडू स्टिकने ओढत गोलात फेकणं), कुणाचा वेग, कुणाचं डॉजिंग, की टॅकल, ट्रॅप (आलेला चेंडू स्टिकवर घेणं), मागे धावून येणं, चेंडू जवळ नसतानाची हालचाल अशा दुय्यम कौशल्यांनाही वजन द्यावं? द्यायचं तर किती? सोबत भारतीय संघातली एक जोडी दिली आहे: ड्रॅग फ्लिकर हरमनप्रीत सिंग की मधल्या फळीतला हार्दिक सिंग?

मी पुण्यात प्रशिक्षक म्हणून काम करतो, वयोगटांच्या निवड चाचण्यांना बसतो आणि हा वाद दर हंगामात ऐकतो. माझं उत्तर आधी सांगून टाकतो. वजन द्यायचंच, पण बेरीज करून नाही. टॅकलला दहापैकी सहा, ट्रॅपला सात, पासिंगला आठ असा तक्ता मांडला की सगळ्यात वर जो येतो तो बहुधा संघातला सगळ्यात बिनधोक खेळाडू असतो. सामना फिरवणारा तोच असेल असं नाही. वरच्या पातळीवर दुय्यम कौशल्यांचं एक किमान माप असतं. त्याच्या खाली असलात तर मुख्य हत्यार काढायची वेळच येत नाही. मापाच्या वर गेलात की पुढची सुधारणा फारसा फरक पाडत नाही, तिथून पुढे हत्याराचीच धार मोजायची. आणि हे माप निवड समिती ठरवत नाही, समोरचा संघ ठरवतो.

समोरचा संघ कसा ठरवतो, ते ड्रॅग फ्लिकरच्या उदाहरणावरून लगेच कळतं. पेनल्टी कॉर्नर, म्हणजे बचावाच्या चुकीबद्दल मिळणारी गोलची ठरावीक संधी, मिळाला की तो संपेपर्यंत खेळाडू बदलता येत नाही. अपवाद फक्त बचाव करणाऱ्या संघाच्या गोलरक्षकाचा. म्हणजे बाकावर बसवून ठेवलेला फ्लिकर ऐन वेळी आत धाडता येत नाही. कॉर्नर कधी मिळेल हे तर कुणालाच माहीत नसतं. फ्लिकर जितकी मिनिटं टर्फवर, तितकेच कॉर्नर त्याच्या वाट्याला. तो टर्फवर राहायचा असेल तर उरलेला सगळा वेळ त्याला दुसरं काहीतरी काम नीट करता आलं पाहिजे. म्हणून तर जगातले बहुतेक नावाजलेले फ्लिकर फुलबॅक, म्हणजे मागच्या फळीतले बचावपटू, आहेत, कारण फुलबॅकला सगळ्यात कमी वेळा बाहेर काढतात: आपला हरमनप्रीत, बेल्जियमचा अलेक्झांडर हेंड्रिक्स, नेदरलँड्सचा यिप यान्सन, ऑस्ट्रेलियाचा जेरेमी हेवर्ड. ऑस्ट्रेलियाचाच ब्लेक गव्हर्स आघाडीला खेळतो, तो अपवाद. अशा खेळाडूचं टॅकलिंग त्याच्या गोलांच्या आकड्यातच जमा झालेलं असतं. ते वेगळं काढून त्याला वेगळे गुण देणं म्हणजे एकच गोष्ट दोनदा मोजणं.

आता हा फुलबॅक बचावात कच्चा असेल तर काय होतं? आज प्रत्येक संघाकडे व्हिडिओ ॲनालिस्ट असतो. दोन-तीन सामन्यांतच प्रतिस्पर्ध्याला कळतं की याच्या रिव्हर्स, म्हणजे डाव्या, बाजूने गेलं की हा वळायला वेळ घेतो, किंवा घाईत स्टिक आडवी टाकतो आणि चेंडू पायावर घेतो. मग सगळे हल्ले त्याच बाजूने येतात. त्याने दोन कॉर्नर मारून मिळवलेलं त्याच्याच बाजूने मिळालेल्या दोन कॉर्नरांत निघून जातं. प्रशिक्षकाला नाइलाजाने त्याला बाहेर काढावं लागतं, आणि तो बाहेर असतानाच आपल्याला कॉर्नर मिळतो. हा प्रसंग मी वयोगटांच्या स्पर्धांपासून वरपर्यंत पाहत आलोय.

संदीप सिंगचं उदाहरण या बाबतीत बोलकं आहे. 2006 मध्ये रेल्वेत गोळी लागून अंथरुणाला खिळलेला हा माणूस परत उभा राहतो, 2009 मध्ये कर्णधार म्हणून अझलन शाह चषक जिंकतो, यातच त्याची जिद्द दिसते. फेब्रुवारी 2012 मध्ये दिल्लीत लंडन ऑलिंपिकच्या पात्रता फेरीच्या अंतिम सामन्यात त्याने फ्रान्सवर एकट्याने पाच गोल चढवले, भारत 8-1 ने जिंकला. त्यानंतर सहाच महिन्यांनी लंडनमध्ये तोच संघ एकही सामना न जिंकता बाराव्या, म्हणजे शेवटच्या स्थानावर राहिला. दोष एकट्या संदीपचा मुळीच नव्हता, संघच पुरता विस्कळीत होता. पण बघण्यासारखी गोष्ट ही की फ्लिक तीच होती, स्टिक तीच होती. फ्रान्सला त्याच्या बचावाची परीक्षा घेता आली नाही. लंडनमध्ये समोर आलेल्या संघांना ती घेता आली. किमान माप समोरचा ठरवतो, असं मी म्हणतो ते या अर्थाने.

गोलांच्या आकड्यांवर तुलना केली तर पाकिस्तानच्या सोहेल अब्बासच्या पुढे कुणी नाही. 348 आंतरराष्ट्रीय गोल. 2004 मध्ये त्याने नेदरलँड्सच्या पॉल लिटयेन्सचा 267 गोलांचा जुना विक्रम मोडला. तरीही सर्वकालीन संघ निवडायला बसलेली माणसं त्याचं नाव पहिल्या दमात घेत नाहीत. एकही ऑलिंपिक पदक नाही, विश्वचषक नाही. त्याच्या काळात पाकिस्तानचा संघ उतरणीला लागला होता, हे त्याच्या बाजूने म्हणायला हवं. पण फ्लिकरचे गोल एकट्याचे नसतात, हेही खरं. गोलपोस्टपासून 10 मीटरवरून चेंडू आत ढकलणारा, ‘डी’च्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, बाहेर तो अडवून ठेवणारा स्टॉपर, आणि मग फ्लिकर. स्टॉपरच्या स्टिकवरून चेंडू वीतभर जरी निसटला तरी फ्लिकरची पावलं चुकतात आणि चेंडू पहिल्या रशरच्या, म्हणजे फ्लिकरवर धावून येणाऱ्या बचावपटूच्या, पायावर जातो. स्टॉपरचं नाव स्कोअरशीटवर कधी येत नाही. निवड चाचणीत मुलांना विचारा, सगळ्यांना फ्लिक मारायची असते. स्टॉपर व्हायला कुणी पुढे येत नाही.

पहिल्या रशरचं काम तर दुय्यम कौशल्यांच्या कुठल्याच यादीत नसतं. कॉर्नरच्या वेळी बचावाला गोलरक्षक आणि चार खेळाडू, बाकीचे मध्यरेषेपलीकडे. चेंडू सुटला की गोलरेषेवरून एक जण सरळ फ्लिकरच्या अंगावर धावत सुटतो. तोंडावर मास्क, हातात ग्लोव्ह, गुडघ्याला पॅड. ‘डी’ची त्रिज्या 14.63 मीटर आहे. चेंडू सुटल्यापासून फ्लिक होईपर्यंत दोन सेकंदही मिळत नाहीत. एवढ्यात जमेल तितकं अंतर कापायचं आणि शेवटच्या दोन पावलांत स्टिक खाली ठेवून फ्लिकरच्या उजव्या बाजूची रेषा बंद करायची, म्हणजे मागे गोलरक्षकाला एकच कोपरा सांभाळावा लागतो. समोरून येणाऱ्या चेंडूचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या घरात. याला कौशल्य म्हणायचं की छाती, तुम्ही ठरवा. मी दोन्ही म्हणतो, कारण नुसत्या छातीवर धावणारा चुकीच्या रेषेवर धावतो आणि गोलरक्षकाला चेंडू दिसतच नाही.

भारतासाठी अनेक वर्षं हे काम अमित रोहिदासने केलं. पॅरिस 2024 च्या उपांत्यपूर्व फेरीत ग्रेट ब्रिटनविरुद्ध सतराव्या मिनिटाला त्याला लाल कार्ड मिळालं. त्या सामन्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

चाळीसहून अधिक मिनिटं भारत दहा जणांनिशी खेळला. मनप्रीत सिंग, मूळचा मधल्या फळीतला खेळाडू, मागे उतरला आणि रोहिदासची जागा धरून उभा राहिला. मधल्या फळीतल्या खेळाडूला बचावात उभं केलं की त्याची पहिली चूक ठरलेली असते: चेंडू दिसला की तो पुढे सरसावतो. मनप्रीत सरसावला नाही. टॅकल करायला धावण्याऐवजी तो मागे मागे सरकत आतली बाजू झाकत राहिला, आणि इंग्रजांना बाजूने लांबून चेंडू टाकत बसावं लागलं. हरमनप्रीतने बाविसाव्या मिनिटाला कॉर्नरवर गोल केला, ली मॉर्टनने मध्यंतराआधी बरोबरी केली, आणि 1-1 वर सामना शूटआउटला गेला. शूटआउटमध्ये भारताचा पहिला प्रयत्न कुणी घेतला? हरमनप्रीतने. आठ सेकंदांत चेंडू घेऊन गोलरक्षकाला चकवायचं, म्हणजे फ्लिकशी काडीचा संबंध नसलेलं काम. त्याने गोल केला. पुढे सुखजीत, ललित, राजकुमार पाल यांनीही केले, श्रीजेश गोलात भिंतीसारखा उभा राहिला, आणि भारत 4-2 ने जिंकला.

उपांत्य फेरीत जर्मनीविरुद्ध रोहिदास निलंबित होता. ऑलिंपिकचा संघच 16 जणांचा, त्यामुळे भारत 15 खेळाडूंनिशी उतरला. दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला गोन्झालो पेइयातने पेनल्टी कॉर्नरवर गोल केला आणि जर्मनी पुढे 3-2 ने जिंकली. रोहिदास असता तर तो गोल झालाच नसता असं कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण पेइयातसारख्या फ्लिकरसमोर तुमचा सगळ्यात अनुभवी रशर नसणं म्हणजे काय, हे बचावाला उभ्या राहिलेल्या कुणालाही विचारा. हा तोच पेइयात, ज्याने 2016 मध्ये रिओत अर्जेंटिनाकडून 11 गोल करून सुवर्ण मिळवलं आणि 2023 मध्ये जर्मनीकडून विश्वचषक जिंकला.

संघाच्या आकाराचा मुद्दा लोक फार विसरतात. विश्वचषकाला 18 जणांचा संघ असतो, ऑलिंपिकला 16. दोन जागा कमी झाल्या की एकाच कामाचा माणूस परवडत नाही. तुलना करताना कुठली स्पर्धा डोळ्यांसमोर आहे हे आधी सांगा. तीच दोन नावं एका स्पर्धेसाठी एका क्रमाने येतील आणि दुसऱ्या स्पर्धेसाठी उलट्या.

मधल्या फळीकडे वळलं की मात्र मी वर मांडलेला हिशोब बदलतो. हार्दिकचं मुख्य हत्यार कोणतं? लोकांना त्याने चेंडू घेऊन एकट्याने मारलेल्या मुसंड्या आठवतात. टोकियोत ग्रेट ब्रिटनविरुद्धचा तिसरा गोल आठवतो. जानेवारी 2023 मध्ये रौरकेलात स्पेनविरुद्ध डावीकडून गोलरेषेच्या कडेकडेने आत शिरून केलेला गोल आठवतो. हे गोल देखणे आहेतच. पण त्याचा सामना बघायचा असेल तर चेंडू त्याच्याकडे येण्याआधीचे दोन सेकंद बघा. पास सुटण्याआधी तो एकदा डाव्या आणि एकदा उजव्या खांद्यावरून मागे पाहून घेतो. अंग अर्धं वळलेलं, डावा पाय पुढे, म्हणजे चेंडू स्टिकवर आला की पहिल्याच स्पर्शात तो पुढच्या दिशेने निघालेला असतो. ज्याला हे जमत नाही त्याला चेंडू घेऊन थांबावं लागतं, मग वळावं लागतं, आणि तेवढ्या वेळात समोरचा त्याच्या अंगावर येतो. ट्रॅपला कुणी गुण देत नाही, पण मधल्या फळीत अख्खा खेळ त्यावर उभा असतो. तिथे दुय्यम म्हणून बाजूला ठेवलेल्या गोष्टी हेच मुख्य भांडवल आहे, म्हणून त्या खेळाडूंची तुलना करताना किमान मापाची भाषा चालत नाही, तिथे प्रत्येक अंशाचा फरक पडतो. 2023 च्या विश्वचषकात मांडीच्या दुखापतीने हार्दिकची स्पर्धा दोन सामन्यांतच संपली, तरी त्या वर्षीचा आंतरराष्ट्रीय महासंघाचा सर्वोत्तम खेळाडूचा किताब त्यालाच मिळाला.

बेल्जियमचा आर्थर व्हॅन डोरेन तर याहून टोकाचं उदाहरण. बचावपटू, गोल जवळपास नाहीतच, आणि 2017 व 2018 अशी लागोपाठ दोन वर्षं जगातला सर्वोत्तम खेळाडू. 2018 च्या विश्वचषकात भुवनेश्वरला तो स्पर्धेतला सर्वोत्तम ठरला. अंतिम सामना 0-0 सुटला आणि बेल्जियमने नेदरलँड्सला शूटआउटमध्ये हरवलं. तिथे प्रत्यक्ष बसून बघितलेल्यांना विचारा, तो चेंडू हिसकावण्यापेक्षा चेंडू घेऊन बाहेर पडण्यात जास्त भारी होता. प्रेस करायला, म्हणजे दबाव टाकून चेंडू हिसकावायला, आलेल्या दोघांना अंगावर घ्यायचं, मग त्यांच्या मधून निघून जायचं. एका फुलबॅकने दोन आघाडीवीर बाद केले की पुढे नऊ जणांविरुद्ध खेळायचं असतं. स्कोअरशीटवर बघाल तर हा माणूस सापडणारच नाही.

आघाडीवीरांबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे लोकांचा अंदाज बऱ्यापैकी बरोबर असतो. गोल आणि मिळवलेले पेनल्टी कॉर्नर यांची बेरीज करा, चेंडू गमावल्यावर पहिली पाच पावलं तो मागे धावतो की हात वर करून पंचांकडे बघतो ते पाहा, बहुतेक उत्तर मिळतं. मनदीप सिंगसारखा खेळाडू गोल कमी करतो तेव्हा समाजमाध्यमांवर त्याची टिंगल होते. ‘डी’त चेंडू बचावपटूच्या पायावर मारून कॉर्नर काढण्याची आणि समोरच्या फुलबॅकला सुखाने चेंडू खेळू न देण्याची त्याची कामगिरी मात्र कुणी मोजत नाही.

एक सावधगिरी जुन्या खेळाडूंबाबत बाळगायला हवी. आमच्या खडकीत धनराज पिल्ले हा विषय निघाला की वाद रात्री उशिरापर्यंत चालतो, आणि पाकिस्तानच्या शाहबाज अहमदशी त्याची तुलना हा त्यातला ठरलेला टप्पा. दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मोडक्या स्टिका सुतळीने बांधून खेळायला शिकलेला हा मुलगा चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळला, 1998 मध्ये बँकॉकला त्याच्या नेतृत्वाखाली भारताने आशियाई सुवर्ण जिंकलं. आजची पोरं त्याच्या चित्रफिती बघतात आणि म्हणतात, सर, हा प्रेस करत नाही. अरे बाबा, त्याच्या कारकिर्दीच्या पहिल्या काही वर्षांत ऑफसाइडचा नियम होता! 1996 नंतर तो गेला. फ्री हिट स्वतःलाच घेऊन पळायची मुभा 2009 मध्ये आली, तोवर धनराज निवृत्त झाला होता. शिट्टी वाजली की त्या काळच्या आघाडीवीराला श्वास घ्यायला चार क्षण मिळत, आणि प्रशिक्षकाचीही त्याच्याकडून अपेक्षा पुढे थांबण्याचीच असे. किमान माप काळाप्रमाणे बदलतं. धनराजला 1998 चं माप लावा. त्याच्या वेगाला आणि डॉजिंगला मात्र कुठल्याही काळाचं माप लावा, हरकत नाही.

गोलरक्षकाचं एका वाक्यात: आधी फटके अडवणं, मग बाकी सगळं. पण श्रीजेशचा मोठेपणा त्याच्या आवाजातही होता. कॉर्नरच्या वेळी कोण कुठे उभं राहणार, हे तो अखेरपर्यंत ओरडून लावत असे. ऑगस्ट 2021 मध्ये टोकियोत जर्मनीविरुद्ध 5-4 अशी आघाडी असताना शेवटच्या सहा-सात सेकंदांतल्या कॉर्नरवर तो आणि त्याचे रशर यांनी पदक राखलं, तेव्हा ती मांडणी कामी आली.

आता तुमच्या जोडीकडे. हरमनप्रीतचा बचाव सुरुवातीला कच्चा होता. आज तो जगातला सर्वोत्तम बचावपटू नाही, व्हॅन डोरेनच्या जवळपासही नाही. पण किमान मापाच्या वर तो केव्हाच गेला आहे. त्याचे लांब पल्ल्याचे एरियल पास, शूटआउट, संघ सांभाळणं हे सगळं त्यात धरा. म्हणजे आता फक्त हत्याराची धार बघायची. पॅरिसमध्ये भारताने आठ सामन्यांत 15 गोल केले, त्यातले 10 त्याचे. दुसरा कुठलाही निकष या आकड्यासमोर टिकत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये चीनमध्ये आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात एकमेव गोल झाला, तो जुगराज सिंगच्या नावावर आहे. चीनचे खेळाडू हरमनप्रीतच्या फ्लिकची काळजी करत असताना तो चेंडू घेऊन चकवत ‘डी’त शिरला आणि शेजारी मोकळ्या असलेल्या जुगराजला पास दिला. दोघेही फुलबॅक, दोघेही ड्रॅग फ्लिकर, आणि गोल मैदानी!

तेव्हा एकच नाव घ्यायचं तर मी हरमनप्रीतचं घेतो, केसाच्या अंतराने. मात्र प्रश्न असा असेल की उद्याच्या एका सामन्यासाठी दोघांपैकी कोण नसलेलं जास्त महागात पडेल, तर उत्तर उलटं आहे. फ्लिकसाठी जुगराज आहे, रोहिदास आहे. पण मधल्या फळीत दोन खेळाडूंच्या मधून चेंडू घेऊन निघणारा दुसरा हार्दिक सध्याच्या भारतीय संघात मला दिसत नाही.